आधी ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यांत शेवटी

चाळिशीतल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या वडिलांची मोटरसायकल घरामागच्या शेडमध्ये वीसेक वर्षं उभी आहे. वडिलांनी ती तरुणपणी घेतली होती. तिच्यावरून दोन्ही मुलांना शाळेत सोडलं, संसाराची सगळी धावपळ केली, आणि मग एके दिवशी ती शेडमध्ये गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. आज टाकीला गंज आहे, टायर बसलेत, किक खाली जात नाही. सहा महिन्यांनी वडिलांना पंच्याहत्तर पूर्ण होतील. त्या दिवशी गाडी ‘शोरूममधून आणल्यासारखी’ त्यांच्यापुढे उभी करायची आणि तोवर त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही, असं ताईंच्या मनात आहे. एक कारागीर म्हणतो, सगळी गाडी खोलून, रंग-क्रोम करून नवी करून देतो. भाऊ म्हणतो, हिचे सुटे भाग आता मिळत नाहीत, आहे तशी विकून टाकू. नवरा म्हणतो, तूच कर, तुला जमेल. ताईंनी मात्र आजवर पानासुद्धा हातात धरलेला नाही. त्या विचारतात: “कारागिराकडे सोपवू, स्वतः हात घालू, की भावाचं ऐकू? आणि माझ्या हातून काही बिघडलं, तर बाबांची ही आठवण मीच संपवली असं होईल का?”

ताई,

तुमच्या पत्रात टाकीचा गंज आहे, बसलेले टायर आहेत, अडकलेली किक आहे. गाडी शेडमध्ये गेली त्या दिवशी तिला काय झालं होतं, हे मात्र कुठंच नाही. ती चालत येऊन उभी राहिली, की ढकलत आणावी लागली? जुन्या गाडीबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो. त्याचं उत्तर ज्यांच्याकडे आहे, नेमकं त्यांच्यापासूनच तुम्ही हे सगळं लपवणार आहात.

वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाड्या साधारण दोन तऱ्हेच्या असतात. काही चांगल्या चालत्या अवस्थेत थांबतात: घरात दुसरी गाडी आली, मालकाची पाठ दुखायला लागली, रोजचा रस्ता बदलला. काही बिघाडामुळे थांबतात: गिअरबॉक्समधून आवाज येऊ लागला, पिस्टन धरू लागला म्हणजे सिलिंडरमध्ये अडकू लागला, वायरिंग जळलं, आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून कुणीतरी ती आत ढकलली. पहिल्या तऱ्हेची गाडी इंजिन न खोलता सुरू होण्याची बरीच आशा असते. दुसऱ्या तऱ्हेत मूळ दुखणं आत तसंच असतं आणि त्यावर वीस वर्षांच्या गंजाची भर पडलेली असते. बाबा एका वाक्यात सांगतील ते शोधायला कारागिराला अख्खं इंजिन खोलावं लागेल. शिवाय इंजिनाचं बोअरिंग, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणं, कधी झालं होतं का, पिस्टन मूळ मापाचा आहे की मोठ्या मापाचा, कुठला नट उलट्या आट्यांचा आहे, हेही त्यांनाच ठाऊक. कागदपत्रं कुठल्या पेटीत आहेत, हेसुद्धा.

दुसरी बाजूही बघा. गाडी अजून त्यांची आहे. ती तशी का राहू दिली, याला त्यांचं काही कारण असेल. कदाचित ती पुन्हा चालावी असं त्यांना मनापासून वाटत असेल आणि मुलांना कशाला त्रास म्हणून बोलले नसतील. कदाचित तिच्यावर पडल्याचा एखादा प्रसंग त्यांनी घरात कधी सांगितलाच नसेल. तुम्हाला दोन्ही माहीत नाही. वाढदिवसाला पाहुण्यांसमोर त्यांना हे पहिल्यांदा कळावं, यापेक्षा आताच शेडचं दार उघडून “बाबा, ही शेवटची चालली तेव्हा काय झालं होतं?” एवढंच विचारा. उत्तराला वेळ लागला तर लागू दे. गुपित गेल्याचं थोडं वाईट वाटेल, पण पुढचे सहा महिने तुम्हाला एक जाणकार सोबती मिळेल. मला हा सौदा फार चांगला वाटतो.

आता ‘शोरूमसारखी’ या शब्दाकडे येते. गाडी चालू होणं आणि गाडी नवी दिसणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींचा खर्च वेगळा, वेळ वेगळा, कारागीरही बहुधा वेगळा. कारागिरानं तुमच्यापुढे दोन्ही एकत्र बांधून ठेवली आणि तुम्हीही ती तशीच उचललीत. खोललेल्या गाड्यांचे खोकेच्या खोके मी कितीतरी घरांतून पाहिले आहेत. मोठ्या उत्साहानं शेवटच्या नटापर्यंत सगळं सुटं केलेलं, चेसिस रंगवायला गेलेली, आणि मग एक क्लच कव्हर मिळत नाही म्हणून काम थांबलेलं. वर्षभरानं कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही. गंजकी पण एकसंध उभी असलेली गाडी आणि खोक्यांत भरलेली गाडी यांत पहिलीची आशा कितीतरी जास्त, हे लक्षात असू द्या.

मूळ रंगाबद्दल तर मी आग्रहानंच बोलेन. जुन्या वाहनांची ‘फीवा’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. किमान ३० वर्षं जुनं, जपून ठेवलेलं वाहन ती ऐतिहासिक मानते. तिच्या ट्यूरिन सनदेत आहे ते जपणं आणि नव्यानं घडवणं यांत स्पष्ट फरक केलेला आहे, आणि आहे ते जपण्याला प्राधान्य दिलेलं आहे. टाकीवर गुडघे टेकून टेकून रंग जिथं पातळ झाला आहे, फूटरेस्टचं रबर ज्या बाजूनं झिजलं आहे, ते सगळं तुमच्या बाबांच्या अंगवळणानं झालेलं आहे. एकदा पॉलिश पेपर फिरला की ते गेलं. रंग कधीही देता येतो, म्हणून तो आज द्यायची घाई नको. सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवा, कोरडी पुसा, जुन्या रंगावर मेण लावा आणि मग लांबून बघा. बऱ्याच जणांचा विचार इथंच बदलतो. मात्र चेसिसला गंजानं भोक पडलं असेल किंवा जोडाजवळ भेग दिसली, तर तिथं जपणूक बाजूला ठेवायची. ते दुरुस्तच करायला हवं.

मग सुरुवात कुठून? सगळे इंजिनापासून करतात, कारण ते सुरू झालं की आनंद होतो. मी तुम्हाला चाकांपासून करायला सांगेन. सुरू न होणारी गाडी कुणाला इजा करत नाही. सुरू होणारी आणि न थांबणारी गाडी करते.

टायरवर नक्षी कितीही शिल्लक असो, वीस वर्षांचं रबर रस्त्यावर न्यायचं नाही. कडेला ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३२१४ म्हणजे २०१४ सालचा ३२ वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाआधीचा. टायर, ट्यूब आणि रिमच्या आतली पट्टी, तिन्ही नवं घ्या. टायर निघाल्यावर रिम आतून बघा, कारण स्पोकच्या मुळाशी गंज तिथं लपतो. ब्रेक ड्रमचे असतील तर ड्रम उघडताना एक खबरदारी अगदी कटाक्षानं घ्या. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीत, ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ फुंकायची नाही, हवेच्या पाइपानं उडवायची नाही. तोंडाला चांगला मास्क लावून ओल्या फडक्यानं टिपायची आणि फडकं बंद पिशवीत टाकायचं. लायनर ज्यावर चिकटवलेलं असतं त्या शूपासून ते सुटत आलं असेल तर शू बदला. चालत्या गाडीत ते सुटलं तर चाक जाग्यावर अडकतं. मोठ्या प्रमाणावर बनलेल्या मोटरसायकलला पुढे डिस्क ब्रेक आला तो १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून. तुमची गाडी त्यानंतरची आणि डिस्कची असेल, तर जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढा. ते हवेतलं पाणी शोषतं आणि आतून पिस्टन गंजवतं. त्याची रबरी सीलं आणि होजही बदलावी लागतील. ब्रेकच्या, क्लचच्या, ॲक्सिलरेटरच्या केबली नव्या घाला, दोन्ही चाकांच्या बेअरिंगमधलं घट्ट झालेलं ग्रीस काढून नवं भरा. इथं पैसे वाचवायला जाऊ नका.

आता इंजिन. किक खाली जात नाही म्हणजे पिस्टन जाम, असं तुम्ही धरून चालला असाल. तसं असेलच असं नाही. किकची यंत्रणाच अडकलेली असू शकते. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, प्लग काढा, सगळ्यांत वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हातानं अगदी हलकं पुढे-मागे करून बघा. चाक थोडं जरी अडून-अडून हललं आणि प्लगच्या भोकातून हवेचा श्वास आला, तर इंजिन मोकळं आहे. अजिबात हललं नाही तर जोर लावू नका. किकवर उभं राहून उड्या मारणं, गाडी गिअरमध्ये टाकून ढकलणं, यातून पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि वाचू शकणारा सिलिंडर ओरखडून जातो. प्लगच्या भोकातून गंज सोडवणारं पातळ तेल ओता आणि आठवडाभर विसरा. रोज एकदा चाकाला हलका हात लावा, तेल पुन्हा घाला. पुष्कळ इंजिनं अशी निव्वळ वेळानं सुटतात. सुटल्यावर चाक फिरवताना तोंड भोकावर नेऊ नका, तेल पिचकारीसारखं उडतं.

तुमची गाडी टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्हींचं सांगते. फोर-स्ट्रोक असेल तर इंजिन फिरवण्याआधी टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांची, झाकणं काढून दोन्ही व्हॉल्व्ह वर-खाली होतात ना ते बघा. उघड्या अवस्थेत अडकलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला तर त्याला ढकलणारी दांडी, पुशरॉड, वाकते. तेलाची टाकी इंजिनापासून वेगळी असलेल्या गाड्यांत वर्षानुवर्षं ते तेल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत, उतरून बसतं. सुरू करण्याआधी खालचा बोल्ट काढून ते रिकामं करा. टू-स्ट्रोक असेल तर क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, ऑइल सीलं हा तिचा मर्मबिंदू. वीस वर्षांत ती सीलं कडक होतात, तिथून हवा आत ओढली जाते, पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. असं इंजिन पहिल्याच दिवशी झोकात सुरू होतं, म्हणून फसायला होतं. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही ते वेगातच राहिलं, तर हवा कुठून तरी आत जाते आहे असं समजा आणि गाडी लगेच बंद करा. चावीनं बंद होत नसेल तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा. ती सीलं बदलणं हे कारागिराचं काम, आणि गाडी रस्त्यावर न्यायची तर ते करूनच घ्यावं असं माझं मत आहे.

कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, मात्र तुम्ही स्वतः उघडा. पाना न धरलेल्या माणसानं सुरुवात करावी असं दुसरं काम मला माहीत नाही. खालची वाटी काढली की तळाला तपकिरी, चिकट थर दिसेल आणि नाकात झोंबणारा शिळा वास येईल. पेट्रोल उडून गेल्यावर जे मागं राहतं ते हे. त्या वाटीच्या वर मधोमध एक छोटासा, भोक असलेला पितळी स्क्रू असतो. इंजिनाला पेट्रोल मोजून सोडणारा मुख्य जेट तोच. नेमक्या मापाच्या स्क्रू-ड्रायव्हरनं तो सोडवा, दिव्यापुढे धरा आणि आरपार बघा. प्रकाशाचा स्वच्छ गोल ठिपका दिसायला हवा. बंद पडलेल्या गाडीत बहुतेकदा काहीच दिसत नाही, किंवा अर्धचंद्रासारखी एक फट दिसते. त्याहून लहान असतो तो संथ चालीचा जेट, आणि ‘सुरू होते पण हात काढला की बंद पडते’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथं असतं. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, हवेनं फुंका, फार तर नायलॉनचा बारीक धागा फिरवा. पोलादी तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक रुंदावतं, आणि मग कितीही जुळवलं तरी मिश्रण जमत नाही. उघडताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण बसायला किती वळणं लागतात ती मोजून लिहून ठेवा.

टाकीचं काम कंटाळवाणं आहे, पण सोपं आहे. ती गाडीवरून काढा, जुनं पेट्रोल ओतून काढा आणि पेट्रोलचा कॉकही काढून साफ करा. आतला गंज सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात एक-दोन दिवसांत सुटतो. द्रावण बाहेर ओघळलं तर जुना रंग खराब होईल, म्हणून तोंडाभोवती प्लॅस्टिक नीट बांधा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं विसळा, लगोलग वाळवा आणि आतून पातळ तेल फिरवा, नाहीतर तासाभरात नवा गंज धरतो. जोरकस ॲसिडच्या नादी लागू नका, ते पत्राही खातं. आणि टाकीला भोक सापडलं तर ‘रिकामीच आहे’ म्हणून ती कुणालाही वेल्डिंगला देऊ नका. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, यात माणसं जिवानिशी गेली आहेत. ज्याला टाकीचं काम माहीत आहे, आणि ती आधी कशी निर्धोक करायची हे जो तुम्हाला विचारायच्या आत सांगतो, त्यालाच द्या.

विजेचं थोडक्यात. बॅटरी नवी घेण्याआधी गाडी ६ व्होल्टची की १२ ची हे बघा. काही जुन्या गाड्यांत, विशेषतः ब्रिटिश बनावटीच्या, बॅटरीचं धन टोक चेसिसला जोडलेलं असतं. नेहमीच्या सवयीनं उलटं जोडलं की नुकसान होतं. ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या सीबी पॉइंटवर वीस वर्षांत एक न दिसणारा थर धरतो, म्हणून ते बारीक पॉलिश पेपरनं घासा आणि स्वच्छ कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढा. अनेक गाड्यांत पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते, पण तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असेल तीच खरी. ठिणगी पिवळी, अशक्त असेल तर आधी कंडेन्सर बदला. तो स्वस्त असतो आणि बहुधा तोच गेलेला असतो. ही तपासणी उघड्या पेट्रोलपासून लांब करा. वायरिंगचं वरचं आवरण हाताला कुरकुरीत लागत असेल तर तुकडे जोडत बसू नका, सगळी वायरिंग नवी घाला.

पहिल्यांदा सुरू कराल ती मोकळ्या हवेत, शेडमध्ये नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. त्याआधी सायलेन्सरमध्ये आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलं नाही ना, ते बघा. आग विझवण्याचं नळकांडं हाताशी ठेवा. गाडीची टाकी न बसवता वर टांगलेल्या छोट्या बाटलीतून ताजं पेट्रोल द्या, म्हणजे गळती कुठं आहे ते दिसेल आणि फार सांडणार नाही. जुन्या टू-स्ट्रोकला पेट्रोलात तेल मिसळावं लागत असेल तर ते विसरू नका. २० किंवा २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल असं प्रमाण अशा गाड्यांना नेहमीचं होतं, पण पुस्तिका बघा, नाहीतर बाबांना विचारा. त्यांना ते पाठ असेल. फोर-स्ट्रोकला नवं ऑइल घालून, प्लग काढून, बऱ्याच किका मारा, म्हणजे तेल वरपर्यंत चढेल. इंजिन आणि क्लच एकाच तेलात असतील तर मोटारीसाठीचं तेल नको. डब्यावर ‘जासो एमए’ (मोटरसायकलच्या तेलाचा दर्जा) लिहिलेलं घ्या, नाहीतर क्लच घसरतो.

जुन्या गाडीला शिसंयुक्त पेट्रोलच लागतं, अशी भीती तुम्हाला कुणीतरी घालेल, कारण ते शिसं व्हॉल्व्हच्या बैठकांची झीज रोखायचं. रस्त्यावरच्या वाहनांसाठी तसं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जेरिया होता, आणि २०२१ मध्ये तिथंही ते थांबलं. टू-स्ट्रोकला तर व्हॉल्व्हच नसतात, तेव्हा तिला त्याचं सोयरसुतक नाही. फोर-स्ट्रोकमध्येही शांतपणे चालवणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. टॅपेटची फट अधूनमधून मोजा. ती सारखी कमी होऊ लागली, तर पुढं कधी इंजिनाचं हेड (वरचा भाग) खोलाल तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठका बदलून घ्या. मला जास्त काळजी इथेनॉलची वाटते. आताच्या पुष्कळ पेट्रोलात ते असतं, जुनी रबरी नळी आणि गॅस्केट मऊ करतं, आणि पाणी ओढून घेतं. नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

तर मग कारागीर की तुम्ही? दोघंही. धुणं, फोटो काढणं, केबली, कार्बोरेटर, टाकी, प्लग, पॉइंट ही तुमची कामं. टायर चढवणं, स्पोक आवळून चाकं सरळ करणं, ऑइल सीलं, इंजिनाच्या आतलं काहीही, आणि शेवटी ब्रेकची तपासणी त्याची. त्याच्याकडे गेलात की ‘सगळी गाडी करून द्या’ म्हणू नका. एका वेळी एकच काम द्या, तेवढ्याचेच पैसे ठरवा, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागा, खराब असला तरी. जुन्या मूळ भागाचं माप घेऊन नवा घडवता येतो, आणि पुष्कळदा नव्या बाजारी भागापेक्षा साफ केलेला जुनाच चांगला निघतो. आधी इंजिनाला हात लावून, चाक फिरवून, तुम्हाला दोन प्रश्न विचारणारा कारागीर मिळाला तर तो सोडू नका. रंगाच्या छटा आधी दाखवणाऱ्याला तूर्त थांबा म्हणा.

तुमची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या हातून काही बिघडेल ही भीती असलेली माणसं सहसा गाडी बिघडवत नाहीत, कारण ती नट अडला की थांबतात. बिघडतं ते जोर लावल्यानं आणि घाईनं. अडलेल्या नटावर तेल टाका, उद्या या. स्क्रूचं डोकं झिजू लागलं तर पुढं जाऊ नका, हातोडीच्या ठोक्यानं फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा. ॲल्युमिनिअमचे आटे लवकर जातात, तिथं हात हलका ठेवा. आणि एखादा आटा गेलाच तरी तो नव्यानं पाडता येतो. गाडी आधीच वीस वर्षं बंद पडलेली आहे, तिला हात लावणाऱ्या लेकीमुळे ती संपणार नाही.

भावाचं म्हणणं मला निव्वळ व्यवहारी वाटत नाही. त्यालाही या ढीगभर कामाची धास्ती वाटत असेल. सुटे भाग मिळत नाहीत हे काही गाड्यांबाबत खरं आहे. म्हणून एक पैसाही खर्चण्याआधी इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर कागदावरच्या नंबरांशी ताडून बघा, आणि इतकी वर्षं बंद असलेलं वाहन पुन्हा नोंदवायला तुमच्याकडे काय लागतं ते नोंदणी कार्यालयात जाऊन विचारा. मग पिस्टन, रिंगा, सीलं, केबली, लायनर एवढ्यांचीच चौकशी करा. हे मिळत असेल तर गाडी चालेल. मूळ दिवा किंवा बॅज मिळाला नाही तरी अडत नाही. नंबर जुळत नसतील किंवा चेसिसच कुजली असेल, तर भाऊ बरोबर आहे, आणि जाणत्या माणसाला ती विकणं यात बाबांचा अपमान नाही. तो निर्णय तिघांनी मिळून घ्या. विकायची ठरली तरी खोलू नका, धुऊन एकसंधच विका.

वाढदिवसाचं म्हणाल तर सहा महिन्यांत रंग-क्रोमसकट सगळं होणं मला अवघड दिसतं. कारागीर हो म्हणेल, आणि शेवटच्या महिन्यात ब्रेकवर घाई होईल. पण स्वच्छ धुतलेली, नव्या टायरवर उभी, किकला सुरू होणारी गाडी त्या दिवशी अंगणात असू शकते. किक कुणी मारायची ते बाबांच्या गुडघ्याला विचारून ठरवा.

रस्त्यावरची पहिली फेरी तुम्ही मारणार असाल तर तुमच्या नावचा परवाना आणि गाडीचा विमा आधी बघा. दिवसा, मोकळ्या रस्त्यावर, हेल्मेट घालून निघा. जुन्या काही गाड्यांत गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला असतो. तसं असेल तर आधी उभ्या गाडीवर पायांना सवय करा, कारण घाईच्या क्षणी पाय जुन्या जागीच जातो. चालण्याच्या वेगात दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा, मग पुढचा गिअर टाका. जवळच जाऊन परत या आणि लगेच खाली वाका. चाकांच्या ड्रमला हात जवळ नेऊन बघा, एक दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल तर ब्रेक घासतो आहे. गाडी थंड झाल्यावर प्लग काढा. टोक पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ आहे, तशी ती पुढं चालवू नका. काळं-ओलं असेल तर पेट्रोल जास्त आहे, तपकिरी असेल तर जमलं. इंजिनाचे आणि चाकांचे सगळे नट पुन्हा एकदा आवळा, चेनचा ताण बघा, खाली जमिनीवर कुठं थेंब पडलेत ते बघा. दुसऱ्या फेरीला थोडं लांब जा, आणि खिशात एक जादा प्लग आणि तो काढायचा पाना असू द्या.